वापराचे अंदाजे दिवस

माझा सहा महिन्यांचा एस्किल दुपारी दोन तास घराबाहेर झोपतो, आमच्याकडे बाळांना असंच निजवतात. बाबागाडी पायऱ्यांपाशी, भिंतीच्या आडोशाला. आत मेंढीच्या कातड्यावर तो, वर दोन दुलया, बाहेर फक्त नाक. उणे आठ अंशांपर्यंत त्याची काही तक्रार नसते. फेब्रुवारीतल्या अशाच एका दुपारी मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून स्कीच्या कारखान्याला तक्रार लिहायला घेतली आणि तिसऱ्याच रकान्यात अडले.

'वापराचे अंदाजे दिवस', असं तिथं विचारलं होतं.

तक्रार साधी होती. जानेवारीत मी स्की घालून घरामागच्या जंगलात गेले, अर्ध्या तासात उजव्या स्कीचा तळ पुढून सुटला आणि दर पावलाला फटाक् फटाक् वाजायला लागला, चपलेचा तळवा सुटल्यावर वाजतो तसा. घरी येऊन पाहिलं तर डावीचाही सुटत आला होता. ज्या दुकानातून घेतल्या ते दोन वर्षांपूर्वीच बंद पडलं, म्हणून थेट कारखान्याला लिहायचं. आमच्याकडे कायदा असा, की जी वस्तू चांगली वर्षानुवर्षं टिकायला हवी तिची तक्रार पाच वर्षांपर्यंत करता येते. स्की त्यात बसतात की नाही यावर लोक कॉफी गार होईपर्यंत भांडतात. माझी पाच वर्षं महिनाअखेरीस संपत होती.

तर दिवस. मी कागद घेतला.

पहिले दोन सोपे होते. स्की नव्या, मैत्रीण टोरुनबरोबर टेकडीवर, टाचा सोलून निघेपर्यंत. मग त्याच वर्षीच्या ईस्टरचे पाच. विड्डावर, केबिन ते केबिन. विड्डा म्हणजे आमच्या खोऱ्यावरचं पठार. वर पोचलं की झाडं संपतात आणि माणूस आपोआप गप्प होतो. टोरुन आणि मी चौदाव्या वर्षापासून दर ईस्टरला तिथं जात होतो. त्या वर्षी चौथ्या दिवशी सकाळी मला कॉफीचा वास सहन होईना. टोरुन म्हणाली, "म्हातारी झालीस तू." मला ते खरंच वाटलं. डिसेंबरात उने जन्मली तेव्हा बोटं मोजली. दोघी गेलो होतो असं वाटत होतं, तिघी होतो.

सात.

पुढच्या हिवाळ्यात एक. उनेला सासूबाईंनी सांभाळलं होतं. तो खरा अर्धाच दिवस, मी पूर्ण लिहिला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तीन. मग सासूबाईंचं, इंगेब्योरचं आजारपण आलं. तेव्हा फक्त एक, त्यांना दफनभूमीत पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणाला न सांगता. मग एस्किल पोटात होता, त्या हिवाळ्यात भोपळा. आणि या जानेवारीतला एक, अर्ध्या तासाचा.

मी रकान्यात 'तेरा' लिहिलं. वाटलं, कारखान्यातल्या कुणाला तरी हा आकडा खोटा वाटेल. पाच वर्षांत तेरा दिवस! आधी मी एका हिवाळ्यात चाळीस करायचे.

बाहेर एस्किल खोकला. मी अर्ज पाठवून दिला.

*

टोरुनचा फोन आला तेव्हा मी उनेच्या केसांतून खीर काढत होते.

"ऐक," ती म्हणाली. तिला नमस्कार-चमत्काराची सवय नाही. "मी पहिल्या दोन केबिनमध्ये दोन खाटा सांगून ठेवल्यात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी निघायचं, शनिवारी परत. दोन रात्री. पाच दिवस नाही म्हणणार मी तुला."

"टोरुन, माझ्याकडे स्कीच नाहीत."

"भाड्यानं घे."

"ईस्टरला? आता? नाताळातच संपतात."

"माझ्या बहिणीच्या आहेत."

"तिचे बूट अडतीस नंबरचे. माझे बेचाळीस."

"देवानं तुला पायच स्कीएवढे दिलेत, तशीच चाल." मग ती थोडी थांबली. "सिन्ने, तुला यायचंय ना? की मी उगाच?"

मी फोन खांद्यात धरला होता. उने ओरडत होती, एस्किल माझ्या मांडीवरून खाली घसरत होता. कुणी मध्यरात्री उठवून विचारलं असतं तरी मी विड्डावरच्या पहिल्या चढाचं वर्णन केलं असतं. उजव्या हाताला ओढा बर्फाखाली बोलतो, मग तोही थांबतो. आणि मग पुढचा तास आपल्याला फक्त आपल्या स्कीचा आवाज, शिश्श, शिश्श. चार वर्षं तो आवाज मी कुठे कुठे शोधला होता. इस्त्री करताना सापडला होता एकदा.

"यायचंय," मी म्हटलं.

"मग त्या कारखान्यावाल्यांच्या मानगुटीवर बस. तोर्युस पोरांना बघेल ना?"

तोर्युस माझा नवरा. मार्चपासून त्याची बापपणाची रजा लागणार होती आणि तो आतापासूनच मला विचारत होता की लापशीत लोणी आधी घालायचं की नंतर. "बघेल," मी म्हटलं. "पोरं त्याला बघतील का, माहीत नाही."

*

आठवडाभरानं कारखान्याकडून उत्तर आलं: फोटोंवरून कळत नाही, स्की पाठवा.

स्की बांधायला सासरे आले. मुलं झाल्यापासून आम्ही सगळेच त्यांना गोफा, म्हणजे आजोबा, म्हणतो, उने म्हणते तसं. ते अंगणापलीकडच्या जुन्या घरात एकटे राहतात. आयुष्यभर सुतारकी केली, आता लाकूड फक्त बंबात घालतात. त्यांनी पुठ्ठा कापला, दोरीला अशी गाठ मारली की टपालवाल्याला सुरी मागावी लागेल, आणि सगळा वेळ बोलत राहिले.

"तक्रार करायची म्हणजे काय करायचं नक्की?"

"लिहायचं की, ही इतक्यात मोडायला नको होती."

"आणि ते काय म्हणणार?"

"म्हणणार, किती टिकायला हवी होती?"

गोफा हसले. "आमची स्की मोडली की आम्ही जंगलात जायचो आणि भूर्ज पाडायचो. अर्ज कुणाला करणार, झाडाला?" त्यांनी दोरी दातांनी ओढली. "तुझ्या या प्लॅस्टिकच्यांना जीव नाही, पोरी. लाकडाची जपली तर माणसाला पुरून उरते."

"गोफा, मला पुरून उरणारी नकोय. ईस्टरला पुरेल एवढीच हवीय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुठ्ठ्यावर हात ठेवला, बाळाला झोपवताना ठेवतात तसा.

"जायचंय तुला वर," ते म्हणाले.

मी पुठ्ठ्यावर पत्ता लिहायला घेतला.

*

मार्चच्या मध्याला कारखान्यातून फोन आला. बाईचं नाव बोडिल. आवाज जाड, दमा असल्यासारखा, आणि मागे करवतीचा आवाज.

"तेरा दिवस लिहिलेत तुम्ही," ती म्हणाली.

"खरंच तेरा आहेत."

"अहो, मी मानते. स्की बघून कळतं. कडा अजून धारदार आहेत. एकोणीस वर्षं हेच करतेय मी. लोक तीनशे दिवस वापरतात आणि तीस लिहितात. तुम्ही पहिल्याच, ज्यांच्या स्कीनं साक्ष दिली." मग ती खोकली. "बाई…"

"सिन्ने."

"सिन्ने. डिंक सुटलाय, पण जुना होऊन नाही सुटलेला. वितळून सुटलाय. दोन्हींचा, एकाच जागी, पुढून हातभर. आणि पोलादी कडेच्या आत मला थोडं चिकट सापडलंय, तपकिरी. वास घेतला तर आजोबांची आठवण झाली."

मला तो वास माहीत होता. आमच्या शेडमध्ये भिंतींनाच तो वास आहे.

"चीडाचं डांबर," बोडिल म्हणाली. "तुमच्याकडे कुणी जुन्या लाकडी स्कींना डांबर भरतं का? ब्लो-लॅम्पच्या ज्योतीनं तापवून?"

"मला… मला घरी विचारावं लागेल."

"विचारा." तिनं आवाज खाली आणला. "हे बघा. मला इथं दोनच चौकोन आहेत. एक, आमचा दोष. दुसरा, तुमच्या हातून. डांबर कुठूनही लागू शकतं, शेडमधूनही. तुम्ही मला म्हणालात की या स्कींना ज्योत लागली नाही, तर मी पहिल्या चौकोनात खूण करते आणि ईस्टरच्या आधी नवी जोडी तुमच्या दारात येते. पण ते तुमच्या तोंडून आलं पाहिजे. माझ्या मनानं मी नाही लिहिणार."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीतून वर बघत राहिले. आमच्या स्वयंपाकघरातून विड्डा दिसत नाही, फक्त जंगल आणि त्यावरची पांढरी रेघ दिसते. माझी भांडी घासून होतात ती त्या रेघेकडे बघत. मला वाटलं, 'नाही' हा किती छोटा शब्द आहे. उने तो दिवसातून दोनशे वेळा म्हणते.

*

गोफा दक्षिणेच्या भिंतीला टेकून उन्हात बसले होते, रेनडिअरच्या कातड्यावर. मार्चचं ऊन, तोंड भाजेल आणि पाय गोठतील असं. मी एस्किलला त्यांच्या मांडीवर दिलं आणि शेजारी बसले.

"गोफा, यंदा तुम्ही स्कींना डांबर भरलंत?"

"ऑक्टोबरात," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "कळलं का तुला? मला वाटलं, कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आधीच्या शरदात नाही जमलं. इंगेब्योर गेल्यावर पहिलाच शरद होता, शेडचं दारच उघडवेना. तुला माहितीय ना, ती ब्रश धरायची आणि मी ज्योत. चाळीस वर्षं. ती पुढे आणि मी तिच्या मागे. 'जास्त जाळू नकोस हाल्वर, पाव नाहीये तो', असं दर स्कीला एकदा. दर स्कीला! पाच जोड्या म्हणजे दहा वेळा ऐकायचं."

एस्किल त्यांची दाढी ओढत होता. त्यांनी ओढू दिली.

"यंदा म्हटलं, करू. एकट्यानं ब्रश पण आणि ज्योत पण. एका हातात हे, एका हातात ते. कुणी सांगायला नाही, जास्त जाळू नकोस म्हणून. पण केलं. सगळ्यांचं केलं."

"माझ्या पण?"

"सगळ्यात आधी तुझ्या." ते अभिमानानं म्हणाले. "तुझ्या प्लॅस्टिकमध्ये डांबर जिरेना. दोनदा तापवून पाहिलं. मग पुसून टाकलं स्वच्छ. पण म्हटलं, तुझ्यापासून सुरुवात करावी. तू तेव्हा दोन महिन्यांच्या बाळाची आई, तुला कुठली सवड? इंगेब्योर म्हणायची, लेकुरवाळीच्या स्की कुणीतरी दुसऱ्यानं तयार ठेवाव्यात. म्हणजे ज्या दिवशी तिला पाच मिनिटं मिळतील, त्या दिवशी तिची पाच मिनिटं त्यातच जाऊ नयेत."

मला वाटलं, मी रडणार. मी एस्किलचा मोजा नीट केला.

"काय म्हणाले मग कारखान्यावाले?" त्यांनी विचारलं.

"अजून बघतायत," मी म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी एस्किल झोपल्यावर मी बोडिलला फोन लावला. वाजत असताना दोन वेळा ठेवायला निघाले. मी काय गमावणार होते ते मला पक्कं माहीत होतं, दोन रात्री, दोन खाटा. टोरुन पहाटे स्टोव्ह पेटवेल आणि कुणीही मला 'आई' म्हणून हाक मारणार नाही, तो तास. असं कुणाला सांगितलं तर ते म्हणतील, दोन रात्रींचं काय एवढं. मीही म्हटलं असतं, पूर्वी, जेव्हा माझ्याकडे त्या ढिगानं होत्या.

"ज्योत लागली होती," मी सांगितलं. "माझ्या सासऱ्यांनी. त्यांना वाटलं, जपतोय."

करवत थांबली होती.

"दुसरा चौकोन, मग," ती म्हणाली.

"हो."

"सिन्ने, तुमच्यासारखे लोक मला फार त्रास देतात." ती वैतागलेली वाटत होती, आणि मला कोण जाणे का, बरं वाटलं. "ऐका आता. हे कंपनी बोलत नाहीये, मी बोलतेय. लोक मला रोज विचारतात, स्की किती वर्षं टिकावी. मी सांगते, वर्षं कुणी मोजू नयेत, दिवस मोजावेत. भिंतीला टेकून दहा वर्षं उभी राहिली तरी तिचं काय जातंय? तुमच्या या जोडीचा गाभा शाबूत आहे, कमान शाबूत आहे. नुसता तळ सुटलाय. इपॉक्सी गोंद भरा, वर-खाली फळ्या लावा, क्लॅम्पनं आवळा, गरम खोलीत पाच दिवस हलवू नका. आम्ही असलं काम करत नाही. पण बरा सुतार करू शकेल. आहे का कुणी ओळखीचा?"

मला हसू आलं, आणि मग नाही आवरलं ते.

"काय झालं?" बोडिलनं विचारलं.

"आहे एक," मी म्हटलं.

*

पण त्यांना सांगणार कसं? मी ठरवलं, म्हणायचं, कारखान्यानं फेटाळली, कारण काही कळलं नाही, चला आपण चिकटवू. तोर्युसला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बाबांना खोटं सांगतेस? लाकडाच्या बाबतीत?" मी म्हटलं, "प्लॅस्टिकच्या बाबतीत." तो म्हणाला, "बघ बाई."

पार्सल पाम रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्याच आठवड्यात आलं. मी वरच्या मजल्यावर एस्किलचा लंगोट बदलत होते. खाली येते तर गोफांनी पुठ्ठा फोडून स्की स्वयंपाकघराच्या टेबलावर उलट्या ठेवलेल्या, आणि उने खुर्चीवर चढून बघतेय.

त्यांनी चष्मा लावला. सुटलेला तळ अंगठ्यानं उचलला. कडेवरून नख फिरवलं, ते नाकाशी नेलं. मग दुसऱ्या स्कीचं तेच केलं, अगदी त्याच जागी. घाई नव्हती. चाळीस वर्षं लाकडात दोष कुठे आहे ते बोटांनी शोधलेला माणूस तो.

मग ते खुर्चीवर बसले.

"हे मी केलंय," ते म्हणाले.

मी दारातच उभी.

"त्यांना काय सांगितलंस?"

"खरं."

"आणि मला?"

"सांगणार होते, कारण काही कळलं नाही म्हणून."

"मला खोटं," ते म्हणाले. चष्मा काढून पुसायला लागले, उनेच्या फ्रॉकनं. "उलटं करायला हवं होतंस, सिन्ने. कारखान्यावाले काही रविवारी आपल्याकडे जेवायला येत नाहीत. त्यांना सांगायचंस खोटं. मला खरं."

"नाही जमलं."

"नवी जोडी मिळाली असती?"

"हो."

"ईस्टरच्या आधी?"

"हो."

उनेनं विचारलं, "गोफा, तू मोडलीस?" ते म्हणाले, "हो, मीच." उने म्हणाली, "मग सॉरी म्हण." आमच्या घरात हा नियम मीच घातलाय.

गोफा उठले, माझ्याजवळ आले आणि एखाद्या शाळकरी मुलासारखे उभे राहून म्हणाले, "सॉरी." मी त्यांच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. स्वेटरला डांबराचाच वास होता.

"ती असती तर म्हणाली असती," ते माझ्या डोक्यावरून म्हणाले, "मी सांगत नव्हते का, पाव नाहीये तो."

*

त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या घरातल्या झोपायच्या खोलीत, जिथं सगळ्यात जास्त ऊब असते तिथं, दोन खुर्च्यांवर फळी टाकली. डांबराचा कण न् कण खरवडून काढला, स्पिरिटनं पुसला, भेगेत पातळ सुरीनं इपॉक्सी भरली. मला दिवा धरायला उभं केलं. ते काम करताना एकदाही बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत मी पहिल्यांदाच पाहत होते. अकरा क्लॅम्प लावले. शेवटचा आवळताना त्यांनी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"जास्त झालं?"

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. "थोडं सैल करा," मी म्हटलं.

त्यांनी पाव फेरा मागे घेतला.

"शनिवारपर्यंत हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आधी काढल्या तर पुन्हा सुटतील, आणि या वेळी वर, सगळ्यांपासून लांब."

"टोरुन गुरुवारी निघतेय."

"माहितीय मला." ते खाली बघत हात पुसत होते. "माहितीय, पोरी."

गुरुवारी सकाळी टोरुन आमच्या दारावरूनच गेली. पाठीवर सॅक, कमरेला दोर, दोराला तिचा कुत्रा. तिनं आत येऊन उनेच्या हातात एक संत्रं दिलं, एक माझ्या. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. आम्ही गेली चार वर्षं हेच म्हणत होतो, म्हणून मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "असं तोंड करू नकोस गं, नाहीतर मीच थांबेन, आणि मग आपण दोघी एकमेकींना आयुष्यभर शिव्या देऊ." मग गेली. जंगलाच्या तोंडाशी तिची लाल टोपी दोनदा दिसली.

*

शनिवारी सकाळी गोफांनी क्लॅम्प काढले. कडेवर सांडलेली इपॉक्सी तासली, तळाला मेण लावलं, आणि स्की माझ्या हातात देताना म्हणाले, "जंगलातल्या तळ्यापर्यंत जा आणि परत ये. तिथं थांबून बघ. जरा जरी उचललं असेल तर काढून हातात घे आणि चालत ये. ऐकतेयस ना?"

"हो."

"तळ्यापर्यंत."

"हो, गोफा."

एस्किलला तोर्युसनं खांद्यावर घेतलं होतं. मी त्याला पाजलं होतं, लापशी करून ठेवली होती, लोणी आधी की नंतर ते लिहून ठेवलं होतं. तोर्युस म्हणाला, "जा आता, नाहीतर वितळेल सगळं."

जंगलातला पहिला चढ मी कान लावून चढले, फटाक् ऐकू येतंय का म्हणून. नाही आलं. तळ्याशी थांबून बर्फात बसले, स्की काढून उलट्या केल्या. सांधा जिथं होता तिथं केसाएवढी रेघ होती, बोटाला लागतही नव्हती. मी ती दोनदा चाचपली. मग स्की घातल्या. परतीची वाट डावीकडे होती.

मी उजवीकडे गेले.

मी गोफांना दिलेला शब्द मोडला हे खरं आहे, आणि घरी आल्यावर मी ते त्यांना सांगितलं, या वेळी सगळ्यात आधी त्यांना. पण तळ्याच्या वर झाडं विरळ होतात, आणि ईस्टरच्या आधी कुणीतरी भूर्जाच्या फांद्या बर्फात रोवून वाट आखलेली असते, दर दहा मीटरवर एक, धुक्यात कुणी चुकू नये म्हणून. धुकं नव्हतं. फांद्या अगदी सरळ वर जात होत्या आणि त्यांच्या शेजारून टोरुनच्या स्कीच्या दोन चाकोऱ्या, आणि बाजूला कुत्र्याचे पाय. दोन दिवसांच्या, उन्हानं कडा गोल झालेल्या. मी माझ्या स्की त्यांत घातल्या. नेमक्या बसल्या. आमच्या दोघींची चाल एकाच जातीची, सोळा वर्षांत घडलेली.

शिश्श. शिश्श.

मी ठरवलं, पुढच्या फांदीपर्यंत. मग तिथून पुढच्या. मला वाटलं होतं की वर पोचल्यावर मी रडेन, किंवा ओरडेन, किंवा निदान काहीतरी मोठं वाटेल. तसं काही झालं नाही. पोट दुखत होतं, दम लागत होता, मांड्या थरथरत होत्या, आणि मी कुणाचीच कुणी नव्हते. शेवटच्या झाडाच्या पुढे गेले. वारा आला. समोर सगळं उघडलं, पांढरं, मग निळसर पांढरं, मग कुठे आभाळ सुरू होतं ते कळेना असं. फांद्यांची रांग त्यात बारीक होत होत नाहीशी झाली होती. त्या रांगेच्या टोकाशी, साधारण तीन तासांवर, टोरुन असणार, परतीच्या वाटेवर. थांबले असते तर ती मला इथंच भेटली असती.

तेव्हा दूध उतरलं. दोन्हीकडून, लोकरीच्या बनियनमधून, गरम आणि लगेच थंड. एस्किल उठला असणार. त्या दोन गोष्टींचं घड्याळ कसं जुळतं ते मला कधी कळलं नाही, पण जुळतं.

मी आणखी एका फांदीपर्यंत गेले. मग आणखी एका. बनियन पोटापर्यंत ओला झाला होता आणि वारा त्याच्यातून आत येत होता. मी त्या फांदीला हात लावून उभी राहिले आणि समोर बघत राहिले, अगदी सावकाश, म्हणजे एखाद्याला गाडीत बसवून देताना आपण बघतो तसं, गाडी हलली तरी. स्कीच्या तळाकडे मी एकदाही पाहिलं नाही. तिथं सगळं ठीक होतं. तिथं पुष्कळ दिवस शिल्लक होते.

मग वळले. उतारावर स्की आपण होऊन धावल्या, आणि मी त्यांना धावू दिलं.